म्हशीची पेंढी

फार मागे, माणसांना पूल बांधायचं सुचलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. चंद्री म्हैस येईल त्याला पाठीवर बसवून नदीपार नेई, आणि त्यापायी रानाची पंचायत तिला रोज गवताची पेंढी देई.

एकदा ही पेंढी बंद करायचा विषय निघाला. पंच म्हणजे बगळा, कावळा नि साळुंकी. सभेला बसले कुठं? तर चंद्रीच्याच पाठीवर.

"हिच्या पाठीवरून नदीपार जातंय कोण?" बगळा म्हणाला आणि तिचा एक गोचीड गट्ट केला. "मी तर उडत जातो."

"मी जाते की, अण्णा!" खालून कोंबडी ओरडली. "दाणे पलीकडच्या खळ्यावर. मग पिल्लांना काय खाऊ घालू?"

"उडायला शिकव!" कावळा म्हणाला, आणि ठराव झाला.

पेंढी बंद झाली, तशी चंद्री चरायला डोंगरापल्याड निघून गेली. तिच्याबरोबर गोचीडही गेले. पंचांची पोटं खपाटीला लागली.

घाईघाईनं पुन्हा सभा भरली. बगळ्याच्या डोळ्यांना धार. "चंद्रीला बोलवा, पेंढी चालू करा," तो म्हणाला, "बिचाऱ्या कोंबडीचे हाल मला बघवत नाहीत!"

पिल्लं खिदळायला लागली. कोंबडीनं त्यांना पंखाखाली दाबलं. "गप बसा रे मेल्यांनो, आधी ठराव होऊ द्या."