पाठमोरी ठमाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. माझ्या आज्यानं त्याच्या आज्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "मलाबी फार वर्सांपूर्वीची म्हनूनच सांगितली व्हती." तेव्हा नीट मांडी घालून बसा, आणि मध्ये खोकू नका. या गोष्टीत खोकणाऱ्याचं काय होतं ते पुढे कळेलच.

आपलं उंबरखोरं तेव्हाही असंच होतं. तिन्ही अंगांना डोंगर, चौथ्या अंगाला खिंड, मधून भुरी नदी. नदीच्या वळणावर हंड्याचा डोह आणि डोहात मांडीएवढे जाड खडस मासे. वर हिरड्याचं आणि कारवीचं रान, रानात डुक्कर, भेकर, साळिंदर. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई. घरं वीस-बावीस. कुणी नांगर धरायचा, कुणी जाळं, कुणी भाला. पण हाताला लागलेलं एकट्यानं घरी न्यायचं नाही, हा रिवाज होता. डुक्कर पडलं की वाटणी, मासे निघाले की वाटणी, पहिली कणसं आली तरी वाटणी.

आणि ती वाटणी ठमाई करायची.

रीत अशी होती. उंबराखाली पळसाची पानं मांडायची आणि पानापानावर वाटा ठेवायचा. ठमाई वाट्यांकडे पाठ करून, डोहाकडे तोंड करून उभी राहायची. एकजण एका पानाला काठी टेकवून विचारायचा, "हा कुनाचा?" ठमाई न बघता एका घराचं नाव घ्यायची. नाव घेतलं की संपलं. पानावर मांडीचं मांस असो की नुसती हाडकं, कुरकुर करायची नाही. कुत्र्यांना वाटा होता, खिंडीतून आलेल्या परक्यालाही होता. आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्या पानाला काठी टेकली की ठमाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "यायाचाय त्याचा."

यायचाय त्याचा म्हणजे जे बाळ अजून आईच्या पोटात आहे त्याचा. तो वाटा त्या आईच्या घरी जायचा. खोऱ्यात कुणी गरवार नसेल तर तो डोहात सोडायचे, पण काढायचे मात्र नक्की. ठमाई म्हणायची, जन्माला आलेला काय, हात पसरून मागतोच. ज्याला मागता येत नाही त्याचं आधी काढावं.

एकदा ढवळ्या नावाच्या एका हावऱ्या गड्यानं काठीवाल्याला फितवलं. मोठ्या वाट्याला काठी लागली की तू खोक, बाकीचं मी बघतो, म्हणाला. आणि ठमाईला जाऊन सांगितलं, "मावशे, खोकला आला की माजं नाव घे, तुला मधाचं पोळं देईन." ठमाई हसली. वाटणीच्या वेळी काठीवाला खोकला. "हा कुनाचा?" ठमाई म्हणाली, "कुत्र्यांचा." त्या दिवशी खोऱ्यातली कुत्री अशी जेवली की तीन दिवस परक्यावर भुंकलीसुद्धा नाहीत, असं म्हणतात.

या ठमाईला तीन मुलगे. थोरला बुधा, त्याचा नांगर. मधला गोमा, त्याचं जाळं. धाकटा लुमा, त्याचा भाला. तिघेही कामाला वाघ, आणि तिघांचं एकमेकांशी चांगलं चालायचं. मग एका पावसाळ्यात खिंडीतून कोनेरपंत आले.

कोनेरपंत हे घाटाखालच्या गढीवरच्या सरदाराचे कारकून. अंगानं बारीक, पायात मोठे जोडे, कानावर बोरू. उंबराखाली बसून त्यांनी हुकूम वाचून दाखवला. प्रत्येक खोऱ्याचा मालक कागदावर लिहायचा, आणि मालक एकच. गौरी जेवून गेल्या की पंत परत येतील. तोवर नाव ठरलं नाही तर खोरं सरदारांच्या शिकारीला राखून ठेवलं जाईल, आणि वीस-बावीस घरांनी चूलबोळकी उचलून खिंडीपलीकडे जायचं.

पंत गेले आणि घरात आग लागली. बुधा म्हणाला, "पिकवतो मी, नाव माजंच." गोमा म्हणाला, "नदी नसती तर काय धोंडं पिकवलं असतंस?" लुमा म्हणाला, "रानडुकरं मी आडवली नाय तर दोघं बी उपाशी मराल." शब्दानं शब्द वाढला. गावातली घरंही तीन ठिकाणी फुटली. बुधानं पाटाचं पाणी अडवलं. गोमानं धरलेले मासे आपल्याच चुलीवर भाजले. लुमानं भेकर मारलं आणि एकट्यानं घरी नेलं.

त्या दिवशी ठमाई नेहमीसारखी उंबराखाली जाऊन डोहाकडे तोंड करून उभी राहिली. दुपार झाली, ऊन कललं. मागून कुणी काठी टेकवली नाही, कुणी विचारलं नाही, हा कुनाचा. तिला रडू आलं. पाठमोरी होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. तिसऱ्या दिवशी पंत हजर. "नाव?" म्हणाले. तिन्ही भाऊ एकदम बोलायला लागले. तेव्हा ठमाई पुढे आली. "पंत, आमच्यात वाटनी अशी व्हत नाय. मी पाठ करून हुबी ऱ्हाते. तुमी काठी टेकवा आन इचारा. माज्या तोंडून येईल त्ये नाव लिवा." मुलांनी मान हलवली. आई खोटं बोलणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि आपलंच नाव येईल असंही तिघांना वाटत होतं.

ठमाई पाठ करून उभी राहिली. पंतांनी काठी मातीला टेकवली आणि विचारलं, "हे खोरं कुणाचं?"

ठमाई म्हणाली, "यायाचाय त्याचं."

आता कुणी म्हणतात, तिनं हे आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. कुणी म्हणतात, पहिल्या काठीला हेच म्हणायची जन्माची सवय, तेच तोंडातून निसटलं. मला विचाराल तर सवयच. कारण बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली, असं बघणाऱ्यांनी सांगितलं आहे.

पंतांनी अर्थ विचारला, लोकांनी सांगितला. पंतांनी बोरू हातात घेतला. "बरं. मग कोण गरवार आहे? तिला पुढे बोलवा." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सासवांनी सुनांकडे पाहिलं, सुनांनी जमिनीकडे. त्या वर्षी, काय योग होता कोण जाणे, खोऱ्यात एकही बाई पोटुशी नव्हती. पंत हसले. "मालकच नाही, म्हणजे खोरं बेवारस. बेवारस ते सरदारांचं." आणि ते लिहायला वाकले.

बायका रडायला लागल्या. तिन्ही भावांची तोंडं उतरली. आपण भांडत काय बसलो, असं तेव्हा त्यांना वाटलं, पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचा काय उपयोग? ठमाई मात्र अजून पाठमोरीच उभी होती. तशीच म्हणाली, "थांबा पंत. मालक हाये. दावते, चला." आणि मागे न बघता चालायला लागली.

आधी ती खाचरात गेली. बुधाला म्हणाली, "दाव." बुधानं भाताचं एक ताट हळूच चिरलं. भात पोटरीत आला होता. आत कोवळं, पांढरं कणीस दुमडून झोपलं होतं. बुधा म्हणाला, "ह्ये यायाचंय, पंत." हे म्हणताना आपण स्वतःचं नाव सोडतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. पंत म्हणाले, "गवत मालक होत नाही."

मग ती डोहावर गेली. गोमानं जाळं फेकलं आणि एक खडस मासळी काठाला आणली, लांबीला पंतांच्या छातीपर्यंत येईल एवढी. तिचं पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, तट्ट फुगलं होतं. "मोजा," गोमा म्हणाला, "किती मालक हायेत त्ये." पंतांनी मोजले नाहीत, पण त्यांना हसू आलं. मासळी परत पाण्यात सोडली. "मासा सही करतो का?" पंत म्हणाले आणि जोडे झटकून पुढे निघाले.

मग रान लागलं. पुढे पाठमोरी ठमाई, मागे पंत, त्यांच्यामागे लुमा, आणि शेवटी सगळं गाव. कारवीतून एकदम घुरघुर ऐकू आली आणि वाटेवर डुकरीण उभी राहिली. काळी, केस उभे, पोट जमिनीला टेकलेलं. लुमानं भाला उचलला, पोट पाहिलं आणि भाला खाली ठेवला. गाभण जनावरावर हत्यार टाकायचं नाही, हा त्याच्या बापाचा नेम होता.

पंतांना नेम ठाऊक नव्हता. त्यांना डुकरीण तेवढी दिसली. आयुष्यात झाडावर न चढलेले पंत, जोड्यांसकट हिरड्यावर कसे चढले ते देवाला ठाऊक. डुकरिणीनं खोडाला धडक दिली. झाड हललं, पगडी खाली आली.

"बाई, हिला आवरा!" पंत वरून ओरडले.

"आवरते. आधी बोला, हिच्या पोटात कोन हाये?"

दुसरी धडक बसली.

"मालक!" पंत ओरडले. "मालक आहे! सगळे मालकच आहेत!"

तेव्हा ठमाई झाड आणि डुकरीण यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली, आणि तिनं डुकरिणीकडे पाठ केली. लढाईत पाठ दाखवली तर माणसाची छी थू होते. इथे ठमाईनं पाठ दाखवली, तर डुकरीण घटकाभर त्या पाठीकडे बघत राहिली, मग तीही वळली आणि कारवीत निघून गेली. असं म्हणतात की त्या वेळी रानातला एक पक्षीसुद्धा बोलला नाही.

पंतांना खाली उतरवून गावात आणलं. पाटाचं पाणी बुधानं आपणहून सोडलं. उंबराखाली पुन्हा पानं मांडली गेली. पंत मांस-मासळी खाणारे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी वरीचा भात आणि मध. ठमाई पाठ करून उभी राहिली, पण पहिली काठी टेकण्याआधी तिनं विचारलं, "पंत, तुमच्या घरी कोन यायाचंय का?"

पंत लाजले. मान खाली घालून म्हणाले, "हो. सातवा लागलाय."

काठी टेकली. "हा कुनाचा?"

"यायाचाय त्याचा," ठमाई म्हणाली, "पंतांच्या घरी."

 आजवर पंत दुसऱ्यांच्या जमिनी लिहीत आले होते. त्यांच्या न जन्मलेल्या लेकरासाठी कुणी पान मांडलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मधभात त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधला, मांडीवर कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, "उंबरखोऱ्याचा मालक: यायचा आहे तो. बाकी सर्व राखणदार."

सरदारानं तो कागद वाचला आणि म्हणाला, मालक आला की त्याला गढीवर आणा. मग दरवर्षी गढीवरून माणूस यायचा. गाव म्हणायचं, "आला की, पर आल्याबरूबर त्यो राखनदार झाला. मालक आता दुसराच हाये, त्यो यायाचाय." माणूस जेवून परत जायचा. शेवटी सरदाराची गढी पडली, पण मालक काही त्याच्यापुढे आला नाही. आणि त्या बेवारस वर्षाची खोऱ्यानं अशी धास्ती घेतली, की पुढच्या वर्षी पाळण्याशिवाय घर नव्हतं, असं म्हणतात. सुतार पाळणे करून करून दमला.

ठमाई पुष्कळ जगली. एका वाटणीला सगळी नावं घेऊन झाली आणि एकच पान उरलं. "हा कुनाचा?" बुधाच्या नातवानं विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. लोक वळसा घालून पुढे गेले, तर समोरही पाठच. तिथे ठमाई नव्हती, माणसाएवढी काळी शिळा होती. ती आजही डोहाशी आहे. कुठल्याही वाटेनं जा, ती पाठमोरीच दिसते, असं म्हणतात. मी स्वतः तीन फेऱ्या मारल्या आहेत. चेहरा सापडला नाही, पायात काटा मात्र मोडला.

आपण अजून वाटणी तिच्याच रीतीनं करतो. पहिलं पान यायचाय त्याचं. पोटुशी बाई असेल तर पहिली कणसं आणि पहिला मासा तिच्या ओटीत. गाभोळीची मासळी पाण्यात परत. आणि मूल जन्मलं की पाचव्या दिवशी त्याला शिळेपाशी नेऊन गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस कानात सांगतं, "मालकी सरली बाळा, आता राखन."

गेल्या शिमग्याला खिंडीतून पांढरी मोटार आली होती, आठवतं ना? काळा चष्मा लावलेला गृहस्थ उतरला. डोंगर, डोह, शेती, सगळं एकगठ्ठा हवं म्हणाला. बंगला बांधीन, पाहुणे मासे धरतील, रान फिरतील. "मालक कोण?" म्हणाला. आमची कमळी ओट्यावर कच्च्या चिंचा खात बसली होती, सहावा महिना. सरपंचबाईंनी तिच्या पोटाकडे बोट केलं. "मालक निजलाय. उठला की इचारून कळवतो." तो अजून फोन करतो बिचारा. कमळीला मुलगी झाली, पण तोवर भागीच्या पोटात दुसरा मालक झोपला होता.

आणि हसता काय? तुम्ही इथे बसलेले सगळे एकेकाळी या खोऱ्याचे मालक होता. मीही होतो, पुरते नऊ महिने. मग जन्मलो. तेव्हापासून राखण चालू आहे. चला, उठा आता, पानं मांडायची आहेत.