वाढलेलं पान

सन २०१८, मार्गशीर्ष महिना. इंडोनेशियात, सुराबायाला माझ्या नातीचं बारसं होतं. मी आणि सुनेचे वडील, निवृत्त इंजिनियर दामोदरपंत, असे दोघं निघालो.

जकार्ताला विमान बदलायचं होतं. पंतांनी पुढचं तिकीट घरूनच काढलं. मी म्हणालो, "मी उतरल्यावर काढीन. तिथे तासातासाला विमान आहे."

"आबा, शिकलेला माणूस आधी काढतो," पंत हसले.

मला त्यांचं जुनं बोलणं आठवलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्या वऱ्हाडाची गाडी घाटात बंद पडली होती. आम्ही पोहोचण्याआधीच त्यांनी पानं वाढून ठेवली. आम्ही गार भात जेवलो. वर भर मांडवात ते म्हणाले, "वाढलेलं पान कुणासाठी थांबत नसतं."

आमचं विमान जकार्ताला उशिरा उतरलं. बारसं त्याच संध्याकाळी होतं आणि पंतांचं पुढचं विमान निघून गेलं होतं. ते तिकीट-खिडकीवरच्या मुलीवर ओरडले, "माझं तिकीट महिन्यापूर्वीचं आहे!"

मी म्हणालो, "पंत, वऱ्हाड वेशीत येण्याआधी पान वाढलंत. वाढलेलं पान कुणासाठी थांबत नसतं."

पंत खाली बसले. मी दोघांची तिकिटं काढली. बारसं गाठलं.

रात्रीच्या पंगतीत पंतांनी पातेलं स्वतः उचललं आणि माझ्या पानात वाफाळता भात वाढला.