माळिणीची शेवंती आणि कोष्टिणीची मांजरं

फार फार जुनी गोष्ट आहे, लहानथोरांनो. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली ती नदीसुद्धा आता दुसऱ्या वाटेने वाहते. त्या नदीकाठी एक गाव होतं, गावात देवीचं देऊळ होतं, आणि देवळाला फुलं पुरवणारी एक माळीण होती.

माळीण हाताची गुणी आणि तोंडाची फटकळ. तिच्या शेवंतीला असा पिवळाधमक रंग यायचा, की बघणाऱ्याने बघतच राहावं. गावाची रीत अशी, की उत्सवाच्या शेवटच्या दिवशी देवीच्या खांद्यांवर शेवंतीचा शेला घालायचा. फुलं माळिणीची, आणि ती ओवायचं सूत तिच्या शेजारच्या कोष्टिणीचं. पिढ्यान्‌पिढ्या हा मान या दोन घरांचा. पण ज्या वर्षी शेला चार बोटंसुद्धा अपुरा पडेल, त्या वर्षी मान पलीकडच्या गावाला जाईल, असंही ठरलेलं होतं. माळिणीच्या जिवाला एवढा एकच घोर असायचा.

आणि एका वर्षी तो घोर दारात येऊन उभा राहिला. उत्सव पंधरा दिवसांवर आलेला, शेवंती कळ्यांनी लगडलेली, आणि वाफ्यांत मांजरं शिरली.

मांजरं कोष्टिणीची. एक नाही, दोन नाही, चांगली सात. आता तुम्ही म्हणाल, एवढी मांजरं पाळावीत कशाला? तर कोष्ट्याच्या घरी सुताला खळ लावतात, खळीच्या वासाने उंदीर येतात, आणि उंदरांनी सूत कुरतडलं की महिन्याची मेहनत मातीत जाते. म्हणून तिला मांजरांवाचून गत्यंतर नव्हतं. सकाळभर मांजरं मागाखाली पसरलेली असायची. दुपारी माळिणीचा जरा डोळा लागला, की कुंपणावरून टुणकन उडी मारून वाफ्यात. मग काय विचारता! शेवंतीच्या बुडाशी खड्डे उकरायचे, त्यात लोळायचं, कळ्यांच्या फांद्या मोडायच्या. माळीण उठून बघते, तो वाफ्याची पार दैना झालेली.

माळीण काही गप्प बसणारी नव्हती. तिने वाफ्याभोवती बोरीच्या काट्या रचल्या. मांजरं त्यांतून एकेक पाय उचलत अशी गेली, जशी नवी नवरी चिखलातून जाते. मग तिने लाल तिखट भुरभुरलं. नेमका वारा फिरला, आणि दिवसभर माळीणच शिंकत डोळे चोळत बसली. मग नवऱ्याचं जुनं मुंडासं घालून तिने एक बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्या मुंडाशात सगळ्यांत धाकटं पिल्लू गाढ झोपलेलं सापडलं. नवऱ्याला हसू आवरेना, तेव्हा तिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

शेवटी ती तणतणत कोष्टिणीच्या दारात गेली. कोष्टीण वयाने मोठी, स्वभावाने सबुरीची. माळीण लग्न होऊन आली तेव्हापासून तिला आक्का म्हणत होती. आक्काने तिला पाणी दिलं, मांजरांना आवरते म्हणाली, आणि मग भीत भीत मनातलंही बोलली. माझी मांजरं पाटलांच्या वांग्यांत जात नाहीत, देवळाच्या तुळशीत जात नाहीत, तेव्हा तुझ्याच वाफ्यात असं काय आहे ते एकदा बघ तरी, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे खोट माझ्या मातीत आहे म्हणा की," माळीण म्हणाली, आणि पाण्याला तोंडही न लावता निघून आली.

तिथून ती तडक चावडीवर गेली. कोष्टिणीला बोलावणं गेलं, आणि माळीण तिला चारचौघांत नाही नाही ते बोलली. हिला माझ्या शेवंतीचा हेवा वाटतो, ही मुद्दाम मांजरं सोडते, असंही बोलून बसली. मी मुद्दाम सोडत नाही, एवढंच कोष्टीण मान खाली घालून म्हणाली. म्हातारे पाटील दोघींचं ऐकून अवघडले खरे, पण शेवटी गावाचा मान पडला मोठा. येत्या बाजाराच्या दिवशी सातही मांजरं नावेत घालून नदीपार सोडावीत, असा निकाल त्यांनी दिला.

जिंकले, असं माळिणीला वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बाजाराच्या आदल्या दुपारी माळीण वाफ्यात खुरपत बसली होती. तेवढ्यात त्या सातांतला सगळ्यांत थोरला, फाटक्या कानाचा बोका तिच्यादेखत कुंपणावरून उतरला आणि हातभर अंतरावर माती उकरू लागला. माळिणीने काठी उचलली. पण इतक्या दिवसांच्या राखणीने बाई अगदी मेटाकुटीला आली होती. काठी उचलली तशीच खाली ठेवली, आणि ती बांधावर मटकन बसली.

"का रे बाबा?" ती रडवेली होऊन म्हणाली. "अख्खं गाव सोडून माझ्याच वाफ्यात काय ठेवलंय तुझं?"

आता त्या काळी मांजरं बोलायची, बरं का. पण विचारल्याशिवाय नाही. मांजराची जात मोठी मानी. आणि आजवर या गावात कोणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

बोक्याने उकरणं थांबवलं, मिशांवरची माती झटकली आणि म्हणाला, "माळीणबाई, रोज आवतण तूच देतेस, आणि आलो की काठी तूच उगारतेस. तुझं काय चाललंय ते आम्हालाही कळत नाही."

"मी? मी आवतण देते?"

"मग ही इथे कोणी पुरली?" असं म्हणून बोक्याने खड्ड्यातून एक मुळी ओढून तिच्या पुढ्यात टाकली. पण त्यालाच राहवेना. लगेच ती मुळी गालाला घासत तो चारी पाय वर करून लोळू लागला.

माळिणीने मुळी बघितली. खोकलीची. खोकली म्हणजे कुठेही उगवणारं तण, पोराला खोकला झाला की आया त्याचा पाला कुटून रस देतात. माणसाला तिच्या मुळीचं काही नाही, मांजर मात्र त्या वासाने खुळं होतं. आणि माळिणीला सासऱ्यांची शिकवण होती, की वाफ्यातलं तण बाहेर फेकायचं नाही, तिथेच गाडायचं, त्याचं खत होतं. बाईने ती इमानाने पाळली होती. यंदा खोकली उदंड माजली. ती उपटून मुळासकट शेवंतीच्या बुडाशी पुरायची, मांजरं येऊन उकरायची, उकरल्या मातीत खोकली आणखी जोमाने उगवायची, की ही पुन्हा पुरायला तयार!

तिने दहा जागी खुरपं घातलं. दहाही जागी खोकलीच निघाली. माळिणीचा चेहरा एवढासा झाला.

आता खरा पेच पुढेच आहे. ती गप्प बसली असती, तर कोणाला कळणार होतं? दुसऱ्या दिवशी मांजरं नदीपार गेली असती, खोकली उकिरड्यावर गेली असती, आणि तिची मान ताठच राहिली असती. बोका काही आपण होऊन बोलणार नव्हता. पण संध्याकाळी ती जेवायला बसली आणि भिंतीपलीकडून कोष्टिणीचा आवाज आला. ती एकेकाला नावाने हाक मारून दूधभात घालत होती, आणि रडत होती. माळिणीने भरलं ताट बाजूला सारलं.

सकाळी नदीवर निम्मा गाव जमला होता. नावाडी मांजरांची टोपली नावेत ठेवणार, तोच माळीण गर्दीतून वाट काढत आली आणि तिने टोपलीला हात घातला.

"पाटील, मांजरं सोडू नका," ती म्हणाली. "त्यांना मीच बोलावत होते. खोकलीची मुळं माझ्या हाताने वाफ्यात पुरत होते, आणि बोल आक्कांना लावला. चावडीवर चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच सांगते. चुकले मी."

अहो, काय हसले लोक! नावाड्याला तर वल्हं धरवेना. पाटीलही उपरण्याआड हसून घेत होते. माळीण लाजेने लालबुंद झाली, पण जागची हलली नाही.

एकटी कोष्टीण हसली नाही. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "फुलं किती उरलीत गं?"

"निम्मी," माळीण खालमानेने म्हणाली. "शेला पुरा नाही व्हायचा, आक्का."

"माझ्याकडे सूत भरपूर आहे," कोष्टीण म्हणाली. "जाळी विणू. गाठीगाठीला एक फूल. चल, उगीच वेळ घालवू नकोस."

उरलेले दिवस दोघी एका ओसरीवर बसल्या. एक विणायची, दुसरी फुलं ओवायची. विहिरीमागच्या कोपऱ्यात माळिणीने वाळूचा ढीग करून त्यात खोकली लावली होती. सातही मांजरं तिथे दिवसभर लोळत पडायची, शेवंतीकडे ढुंकूनही बघायची नाहीत. उत्सवाच्या दिवशी पाटलांनी शेला हाताने मोजला. तो चार बोटं जास्तच भरला. जाळीतून देवीचं हिरवं वस्त्र डोकावत होतं, आणि इतका देखणा शेला आजवर झाला नव्हता असं जो तो म्हणत होता. पुढच्या वर्षीपासून गावाने जाळीचाच शेला मागितला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्याचा त्रास होतो त्याला हाकलण्याआधी तो का येतो हे एकदा विचारावं, आणि आवतण आपलंच निघालं तर ते चारचौघांत कबूल करावं.