मावशीचं माहेर

मांजराला काम न करताही दोन वेळचं दूध मिळायचं, त्या काळातली ही गोष्ट.

गोदूकाकूंची मांजर भारी विचारी होती, म्हणजे दिवसभर चुलीपाशी पडून असायची. घरातली मुलं तिला मनीमावशी म्हणत आणि उंदराला उंदीरमामा. एक दिवस काकू कडाडल्या, "अगं ए, मेल्याने तांदळाचं पोतं फोडलं, ऊठ की आता!"

मनीने जांभई दिली आणि नातं जुळवलं. आपण मावशी, तो मामा. म्हणजे सख्खा भाऊ! सख्ख्या भावावर पंजा उगारायला ती काय संस्कार नसलेल्या घरातली होती?

उंदराला ही विद्वत्ता फार आवडली. भाऊबीजेला तो आपणहून ओवाळून घ्यायला आला. ओवाळणी म्हणून त्याने काकूंच्याच डब्यातला एक शेंगदाणा तिच्यापुढे ठेवला. मनीला गहिवरून आलं. बहिणीची एवढी माया पाहून उंदराने आपलं सगळं गणगोत तिथेच राहायला आणलं.

पोती रिकामी झाली, काकूंच्या ठेवणीतल्या लुगड्याची चाळण झाली. तेव्हा काकूंनी मनीचं दूध बंद केलं. भुकेली मनी बिळापाशी गेली आणि म्हणाली, "दादा, बहिणीला दोन घास दे रे."

आतून तृप्त ढेकर आला. मग मामांचा आवाज आला, "ताई, माहेरपण चार दिवसांचंच शोभतं गं. आमच्या घरून सासरी कधी निघतेस?"