गुणाजीने विहीर मोजली

खडकेवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा गडी नांदत होता. बायको म्हणाली, "दुधाकडे बघा," तर हा दूध उतू जाईपर्यंत बघत बसायचा. वर सांगायचा, "बघितलं की!" त्याची बायको हौसा. तिला नवऱ्याचं फार कौतुक. कशाचं, ते विचारू नये.

एकदा शहरातून चित्रेबाई आल्या. त्या शास्त्रज्ञ. देवळापुढे वाडी जमवून म्हणाल्या, "विज्ञान काय आमच्या एकट्यांचं आहे? पाखरं, पाऊस, विहिरीचं पाणी तुम्हीच मोजा, मला फोनवर कळवा. विहिरीत पाणी किती ते कळलं, तर उन्हाळ्यापर्यंत पुरवता येईल."

उन्हाळ्यात हंडा घेऊन घाट उतरायची ती हौसाच. ती ताडकन उठली. "आमचे हे मोजतील!"

वाडी खो खो हसली. हौसाने पदर खोचला.

आधी पाखरं. गुणाजी चिंचेखाली उभा राहून ओरडू लागला, "एक! दोन! तीन!" चौथं कशाला थांबतंय?

"गुणाजीराव," बाई फोनवर म्हणाल्या, "मोजताना गप्प बसायचं. जागचं हलायचं नाही."

"बरं, बाई."

मग पाऊस. अंगणात डबा मांडला. रात्रभर पाऊस झाला. सकाळी गुणाजी मोजायला बसतोय, तोच शेजारची म्हैस आली आणि सगळा पाऊस पिऊन गेली. गुणाजी गप्प.

"अहो, हाकलायची ना!" हौसा म्हणाली.

"मोजताना हलायचं नाही."

बाईंनी पुन्हा समजावलं. "मोजताना कुणी मध्ये आलं, तर हाकला. आणि मोजून झालं की पाणी लांब ओतून द्या. डबा कोरडा ठणठणीत! नाहीतर उद्याच्या मापात आजचं पाणी मिसळतं."

"कळलं, बाई."

पुढच्या खेपेला पाखरं आली. गुणाजीने ढेकळं मारून हाकलली आणि फोन लावला. "बाई, आज एकही नाही. सगळी हाकलली."

बाईंनी पाखरांचा नाद सोडला. मग म्हणाल्या, "तुम्ही विहीरच मोजा. ती काही उडून जात नाही."

पाऊस सरला. विहीर काठोकाठ भरली. हौसा निर्धास्त माहेरी गेली. परत आली, हंडा घेऊन विहिरीवर गेली, तर तळाच्या चिखलात बेडूक बसलेले. काठावर बायका कपाळाला हात लावून उभ्या. गुणाजी मात्र खुशीत.

"अहो, पाणी कुठंय?"

"अगं, दगड बांधून दोर सोडला. अगदी बरोबर मापलं. बाई शाबास म्हणाल्या!"

"पण पाणी?"

"मोजून झालं ना? मोटर लावली, लांब ओढ्यात ओतून दिलं."

"आणि वाडीतल्या कुणी अडवलं नाही?"

"आले होते सगळे. हाकलले."

हौसाने हंडा खाली आदळला. गुणाजीने तिचा हंडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "कोरडी ठणठणीत केलीय बघ. आता बाईंना एवढं विचार, उद्याचं पाणी त्या किती वाजता घालणार?"