दोन फुलपात्रं

“पण आता ते कडू लागत नाही, एवढं तरी मान्य कराल ना, सर?”

प्रणोती चौगुलेने पुन्हा विचारलं.

एम.फार्म.चं तिचं शेवटचं वर्ष. मात्रा जरा जास्त झाली तर जीव घेणाऱ्या, हृदयविकारावरच्या एका जहाल औषधाचा कडूपणा घालवायचा, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने तो घालवला होता. परीक्षकांपुढे जाण्याआधी तिला मोमीन सरांची शाबासकी हवी होती. सर निवृत्त होऊन नदीकाठी बहिणीकडे राहायला आले होते.

सरांनी तिच्या हातातली कुपी घेतली. आत गेले.

पाणी ओतल्याचा आवाज आला.

दोन फुलपात्रं घेऊन ते बाहेर आले. ओसरीवरच्या स्टुलावर ती शेजारीशेजारी ठेवली.

“एकात तुझी पूड आहे. सगळी.”

ती हसली. सर हसले नाहीत.

“ओळख.”

दोन्हींतलं पाणी नितळ होतं. तिने हुंगून पाहिलं. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. एकदा यातलं, एकदा त्यातलं.

“काहीच फरक लागत नाही.” तिच्या आवाजात अभिमान होता. “पाहिलंत ना? कुठल्यात आहे, सर?”

“आठवत नाही.”

“सर...?”

सर नदीकडे बघत बसले.

तेवढ्यात अंगणातून अमीनाआपा आल्या, सरांची थोरली बहीण. भर उन्हात मिरच्या वाळत घालून आल्या होत्या. पदराने तोंड पुसत त्यांनी सरळ एक फुलपात्र उचललं.

प्रणोतीने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते.

ती ताडकन उठली.

आपांनी फुलपात्र ओठांशी नेलं...

प्रणोतीने हात मारला. फुलपात्र खणखणत अंगणात गेलं. पाठोपाठ तिने दुसरंही उलथवलं.

“या अल्ला! वेड लागलं का गं पोरी?”

“प्यायलात का? आपा, घोट गेला का पोटात?”

“कसला घोट? पिऊ दिलंस कुठं!”

प्रणोती खाली बसली. फरशीवर दोन ओघळ एकमेकांत मिसळले, उंबऱ्याकडे सरकू लागले. तिने पाय आखडून घेतले. ओला हात अंगापासून लांब धरला.

आपांचा राग ओसरला. “थरथरतेय बघ कशी.” त्यांनी तिला नळावर नेऊन हात धुवायला लावले. मग माठातून तांब्याभर पाणी आणलं. “घे बेटी. घोटभर घे, बरं वाटेल.”

प्रणोतीने तांब्या तोंडाशी नेला.

आत वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं.

हुंगलं... वास नव्हता. तिची पूड असती, तरी कडू लागली नसती.

तांब्या तसाच हातात राहिला. तिने सरांकडे पाहिलं.

सर हळूच म्हणाले, “पी ना. पाणीच आहे.”