सटवाईच्या चिंचेवरचे पाळणे

एका गावात एक सुईण होती आणि त्या गावातलं निम्मं गाव तिच्या हातावर पहिलं रडलेलं होतं. सगळे तिला येसूमावशी म्हणत. हात मऊ, जीभ तिखट. बाळंतिणीला धीर देणार, तो सुद्धा दरडावून.

गाव तसं खाऊनपिऊन सुखी. जमीन काळी, गुरं धष्टपुष्ट. एकच खोट होती, मुलं जगत नव्हती. पाण्याला एक तळं होतं. त्यातच म्हशी डुंबायच्या, त्यातच धुणी व्हायची आणि त्यातूनच हंडे भरायचे. वैशाखात पाणी तळाला गेलं की तान्ह्यांना हगवण लागायची, आणि दोन-तीन दिवसांत घर मोकळं व्हायचं. लोक म्हणत, सटवाईनेच तसं लिहिलं होतं. सटवाई म्हणजे बाळाच्या पाचवीला येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिते, ती. आता देवीने दर वैशाखात एकाच गावाला कशाला धरावं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

गावाबाहेर सटवाईचा शेंदरी दगड होता आणि त्यावर एक जुनी चिंच. बाळ वर्षाचं झालं की सुईणीने त्याच्या नावाचा वीतभर लाकडी पाळणा त्या चिंचेला बांधायचा, अशी त्या मुलखाची रीत. वर्ष पुरं व्हायच्या आत बाळ गेलं, तर पाळणा नाही. चैत्र सरला की सगळे पाळणे दूरच्या नदीत सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या राज्याचा राजा शहाणा होता. असतो एखादा. त्याला एकदा वाटलं, आपली रयत सुखात आहे की नाही हे कळावं कसं? प्रधान म्हणाला, कोठारं मोजू. सेनापती म्हणाला, घोडे मोजू. राजाची म्हातारी आई म्हणाली, "पाळणे मोज. ज्या गावात लेकरं जगतात, तिथलं पाणी बरं, अन्न बरं, आणि बाईची कुणी काळजी घेतं. बाकी सगळा देखावा."

राजाने ऐकलं. दर चैत्रात मोजणीदार गावोगाव फिरू लागला. सगळ्यात कमी पाळणे जिथे, त्या गावाला राजाच्या खर्चाने दगडी बांधणीची खोल विहीर. वर्षाला एकच, कारण पाथरवटांची टोळी एकच होती. मोजणीचा निकाल परगण्याच्या जत्रेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे.

पहिल्या वर्षी येसूमावशीच्या गावात नऊ पाळणे निघाले. शेवटून दुसरा नंबर. शेवटचं होतं ओढ्यापलीकडचं गाव. जत्रेत त्याचं नाव पुकारलं तेव्हा लोक खो खो हसले. पण त्या गावाला विहीर मिळाली, आणि वैशाख लागायच्या आत तिला पाणीही लागलं. वर्षभरात तिथली सुईण येसूमावशीला भेटली आणि म्हणाली, "काय सांगू तुला, यंदाच्या वैशाखात एकच गेलं. एकच." येसूमावशी त्या दिवशी घरी येऊन कितीतरी वेळ तळ्याकडे बघत बसली. उभा जन्म ती सटवाईला बोल लावत आली होती.

दुसऱ्या वर्षीचा चैत्र जवळ आला. या खेपेला आपलंच गाव तळाला, हे तिने बोटांवर मोजून ठेवलं होतं. पाळणे आठच. तिला बरं वाटलं, कारण घरात सून पाच महिन्यांची गरोदर होती. सुनेची दोन लेकरं आधीच गेली होती. हे तिसरं जन्माला येईल तोवर विहिरीला पाणी लागलेलं असेल, एवढा एकच हिशेब म्हातारीच्या डोक्यात होता.

पाटील तिच्या दारी आला. "मावशी, आठ पाळणे म्हणजे गावाचं नाक कापलं. आणखी दहा-बारा बांधून टाका."

"आणि विहीर?"

"विहीर खणू की आपली आपण. पुढेमागे. पण जत्रेत हसं झालं तर आपल्या पोरांना मुली कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकून तहान भागत असती तर मीही झाकली असती पाटील," येसूमावशी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

पाटलाला तिने असं परतवलं. पण दुसऱ्या दिवशी कुंभाराची सून आली. पदराखाली वीतभर पाळणा. तिचं बाळ तीन महिन्यांचं असताना गेलं होतं.

"मावशी, एवढा बांधा. तो आला होता हे झाडाला तरी कळू दे. घरात त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही."

आता सांगा, काय बोलायचं यावर? ते बाळ येसूमावशीनेच धुऊन पुसून आईच्या कुशीत दिलं होतं. तिचे डोळे भरून आले. रीत मोडते हे तिला कळत होतं. तरी तिने पाळणा घेतला आणि बांधला. संध्याकाळपर्यंत दारात आणखी बारा जणी उभ्या होत्या. एकीचा बांधला, दुसरीला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तिने तेराही बांधले.

मोजणीदार आला. एकवीस पाळणे बघून त्याचा चेहरा खुलला. रीतीप्रमाणे त्याने सुईणीला सटवाईच्या दगडावर हात ठेवायला सांगितला आणि विचारलं, "बाई, ही सगळी मुलं वर्षाची झाली?"

येसूमावशीने मान वर केली. समोर तेरा बायका उभ्या होत्या. साऱ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने नाही म्हटलं असतं तर त्या तेरा लेकरांना तिने सगळ्यांदेखत पुन्हा एकदा मारलं असतं. निदान तिला तसं वाटलं.

"झाली," ती म्हणाली.

जत्रेत गावाचा तिसरा नंबर पुकारला. पाटलाच्या गळ्यात हार पडला. विहीर गेली टेकडीमागच्या गावाला, कारण त्यांनी अकराच पाळणे आहेत असं खरंखरं सांगितलं होतं. पाथरवट आपल्या गाढवांवर छिन्न्या-हातोडे लादून येसूमावशीच्या दारावरून गेले. त्यांना थांबवावं असं तिला फार वाटलं. पण थांबवून सांगणार काय?

श्रावणात सुनेला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. नाव ठेवलं चिमा. आजीने पहिल्या दिवसापासून एक नेम धरला. रोज पहाटे ओढा ओलांडून त्या नव्या विहिरीवर जायचं आणि नातीपुरती एक कळशी आणायची. दोन कोस जाऊन-येऊन. आठ महिने तिने एक दिवस चुकवला नाही. मधल्या चैत्रात राजा मोहिमेवर असल्याने मोजणी झाली नाही. वैशाखात मात्र गुडघ्यांनी संप केला. दोन दिवस ती अंथरुणावरून उठली नाही. दुसऱ्या दिवशी कळशीतलं पाणी संपलं, बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि पोर तहानेने रडत होती. सुनेने तळ्यातलं पाणी गाळून पाजलं. दुसरं होतंच कुठे?

चिमा तीन दिवस काढू शकली. नऊ महिन्यांची होती.

दिवस झाल्यावर येसूमावशी काठी टेकत मोजणीदाराच्या कचेरीत गेली. "तेरा पाळणे खोटे होते. मी खोटं बोलले. आमच्या गावाला विहीर द्या."

मोजणीदार वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणी दिलं. "बाई, दरबारात गेलेला आकडा मागे येत नाही. शिवाय तुमच्या पाटलांना राजाने बोलावून घेतलंय. एका वर्षात गाव एवढं कसं सुधारलं, ते आता ते इतर गावांना शिकवत फिरताहेत."

आणि पाटलाने खरंच शिकवलं. मन लावून शिकवलं.

पुढच्या चैत्रात परगण्यातली सगळी झाडं लगडली. मेलेल्यांचे पाळणे, पोटातच गेलेल्यांचे पाळणे, काही ठिकाणी तर अजून जन्मायचे होते त्यांचेही. येसूमावशीने स्वतः फक्त सात बांधले. बाकीचे लोकांनी आपल्या हाताने बांधले.

सून पाळणा घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. "आत्याबाई, चिमाचा."

"नको गं."

"तेरा जणींचे बांधलेत. माझीच तेवढी जड झाली?"

"त्या तेरा पाळण्यांनीच आपली चिमा नेली," येसूमावशी म्हणाली. सुनेने चिंचेपाशी जाऊन पाळणा स्वतःच बांधला. त्यानंतर ती सासूशी कामापुरतंच बोलू लागली.

मोजणीदाराने एकतीस मोजले आणि विचारलं, "ही सगळी मुलं वर्षाची झाली?"

येसूमावशीने दगडावर हात ठेवला. "नाही. सात जगली. हा पाळणा माझ्या नातीचा आहे. ती मेली. आमच्या पाण्याने मेली. विचारा या बायकांना."

मोजणीदाराने बायकांकडे पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. कुंभाराची सून रडत होती, पण बोलली तीही नाही. पाटील हळूच म्हणाला, "नात गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं." सून पुढे आली आणि सासूचा हात दगडावरून काढून तिला घरी घेऊन गेली.

मोजणीदाराने एकतीस लिहिले.

त्या वर्षी राजाला फार आनंद झाला. राज्यात कुठे मुलं मरतच नाहीत म्हटल्यावर विहिरी कशाला हव्यात? त्याने पाथरवटांची टोळी माघारी बोलावली आणि राजधानीत एक उंच मनोरा बांधायला घेतला. त्यावर पाळणे कोरायचे ठरलं.

येसूमावशीच्या घरी सून पुन्हा गरोदर होती. हंडे तळ्यावरच भरले जात होते आणि वैशाख तोंडावर आला होता.

तात्पर्य: एकाने दुखणं लपवलं तर औषध शेजाऱ्याच्या दारी जातं, आणि सगळ्यांनीच लपवलं की ते कुणाच्याच दारी येत नाही.